प्रभाताईंच्या दोन गाड्या

माझं अक्षर चांगलं नाही. ऱ्हस्व-दीर्घही नीट कळत नाही. चौथीत शाळा सुटली आणि त्यानंतर लिहायचं काम फारसं पडलं नाही. तेव्हा हे कुणाच्या हाती पडलंच तर चुका पोटात घालाव्यात. तसं कुणाला दाखवायला मी हे लिहीत नाही. आज सकाळी खाली कुणीतरी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होतं. तो आवाज ऐकून मी सवयीनं उठले आणि बूट घालायला लागले. एक पाय बुटात गेल्यावर लक्षात आलं, आज रविवार आहे, आणि प्रभाताई आता इथे राहत नाहीत. मग पुन्हा झोप लागली नाही.

आमचं गाव एडिनबराच्या दक्षिणेला, डोंगराच्या पायथ्याशी आहे. शहरात पाऊस असतो तेव्हा आमच्याकडे बर्फ असतो. आमचे हे अ‍ॅबरडीनला एका हॉटेलात स्वयंपाकी आहेत, सुट्टी मिळेल तसे येतात. मी हॉस्पिटलच्या लाँड्रीत आहे. तिथे मशीनचा आवाज इतका, की कुणाशी बोलावं लागत नाही. मला ते बरं वाटतं. मला इंग्रजी येतं, पण तोंडाबाहेर पडत नाही.

प्रभाताई भेटल्या त्या दिवशी बस आलीच नव्हती. अंधार होता. मी स्टॉपवर उभी होते आणि घरी परत जावं की चालत सुटावं हे ठरत नव्हतं. एक लहान लाल गाडी पुढे गेली, थांबली आणि हळूहळू मागे आली. काच खाली झाली. आत पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा घातलेल्या, हॉस्पिटलच्या निळ्या कपड्यांवर जाड कोट चढवलेल्या एक बाई. माझ्या कोटाच्या गळ्यातून मंगळसूत्राच्या वाट्या बाहेर आल्या होत्या, त्याकडे त्यांनी पाहिलं.

"मराठी न तू?"

मी मान हलवली.

"हॉस्पिटलला जाऊन राहिली न? मग बस. पण आधी बूट झटक. असं नाही, आपट चांगले. आत बर्फ आणला की काचेवर वाफ धरते, मग मला दिसत नाही."

मी बूट आपटले. त्यानंतर तीन-चार हिवाळे मी रोज बूट आपटून त्यांच्या शेजारी बसले.

प्रभाताई मूळच्या नागपूरच्या. तिथल्या उन्हाळ्यात वाढलेली बाई बर्फातली इतकी जाणकार कशी झाली, याचं मला नवल वाटायचं. त्या वॉर्डावॉर्डांत फिरून रोग्यांचं रक्त काढायच्या. "दिवसभर लोकांचं रक्त काढते, घरी गेल्यावर डॉक्टरांचं पिते," असं म्हणून स्वतःच हसायच्या. डॉक्टर म्हणजे त्यांचे यजमान. ऑपरेशनच्या आधी भूल देणारे मोठे डॉक्टर होते, माझी ओळख झाली तेव्हा नुकतेच निवृत्त झालेले. माणूस उंच, आणि बोलणं अगदी कमी. "आयुष्यभर लोकांना झोपवलं त्यांनी," प्रभाताई म्हणायच्या, "आता दोन वाक्यं बोलले की मलाच झोप येते."

त्यांना मूलबाळ नव्हतं. घरापुढे दोन गाड्या असायच्या, दोन्ही जुन्या. डॉक्टरांची हिरवी, उंच, चारही चाकांना जोर असलेली डिझेलची गाडी, ती थोरली. प्रभाताईंची लाल ती धाकटी. "थोरली खाते फार आणि धाकटी कुरकुरते फार," असं त्या आल्यागेल्याला सांगायच्या. दसऱ्याला दोघींच्या बोनेटवर हळदकुंकू आणि शेवंतीचं एकेक फूल. एकदा डॉक्टरांनी थोरलीवरचं कुंकू पावसाच्या आधी पुसलं, तर त्यांच्याशी दिवसभर अबोला धरला होता.

सकाळी गाडी साफ करण्याची त्यांची पद्धत ठरलेली होती. इथले लोक घाईत असले की समोरच्या काचेवर हाताएवढी जागा खरवडतात आणि निघतात. प्रभाताई टप, दिवे, मागची काच, नंबरची पाटी, सगळं झाडायच्या. त्यासाठी वेगळा झाडू होता. घरातला झाडू म्हणजे लक्ष्मी, तिला बर्फात कशाला काढायची, असं त्यांचं म्हणणं. समोरून कुणी हाताएवढ्या भोकातून बघत आला की म्हणायच्या, "बघ, बघ. टपालाच्या पेटीत बसून चालवून राहिला बापा!" पण हे सगळं बोलणं मोठा रस्ता लागल्यावर. आमच्या गल्लीपासून मोठ्या रस्त्यापर्यंत उतार आहे, आणि बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकणारी काउन्सिलची गाडी तिथे कधी येते कधी येत नाही. त्या उतारावर गाडीत कुणी बोलायचं नाही, असा नियम होता. मला तो नियम सोपा होता.

त्यांच्या हातून चुका होत नसत असं नाही. एका हिवाळ्यात कुणी त्यांना सांगितलं की मागे वजन ठेवलं की गाडी बर्फात घसरत नाही. झालं. घरातली तांदळाची मोठी पिशवी, कणकेच्या दोन पिशव्या आणि तूरडाळ, सगळं धाकटीच्या डिकीत गेलं. दुसऱ्या दिवशी चढावर धाकटीची पुढची चाकं नुसती जागच्या जागी फिरायला लागली. गॅरेजवाल्यानं डिकी उघडून पाहिली आणि तो भिंतीला टेकून हसला. मग त्यानं समजावून सांगितलं की या गाडीला पुढची चाकं ओढतात, मागे वजन टाकून तुम्ही पुढचं उचललंत. प्रभाताई मुळीच लाजल्या नाहीत. घरी येऊन डॉक्टरांना म्हणाल्या, "आता हे सगळं आत आणा. आणि आज खिचडी." डॉक्टर सामान आत नेताना न बोलता हसत होते. मी त्यांना हसताना तेव्हाच पाहिलं.

पुढच्या वर्षी पानं गळायच्या दिवसांत डॉक्टर गेले. झोपेतच गेले. लोक आले, पार दक्षिणेतल्या बेसिंगस्टोकहून त्यांचा पुतण्या निखिल आला, सगळं पार पडलं आणि लोक गेले. नंतर एका सकाळी मी दाराशी उभी राहिले तर समोर थोरली येऊन थांबली.

चालवत प्रभाताई होत्या, पण मला आधी दिसल्याच नाहीत. आत चढून बसले तेव्हा कळलं. डॉक्टरांची सीट डॉक्टरांच्या पायांइतकी मागे होती. प्रभाताईंनी पाठीमागे दोन उशा घेतल्या होत्या, खाली एक जाड गादी, आणि पाय लांब करून बुटाच्या टोकानं त्या ब्रेक दाबत होत्या. मी उशांकडे बघितलं. त्यांनी रस्त्याकडे बघितलं. उतार संपला, मोठा रस्ता लागला, तरी त्या दिवशी त्या बोलल्या नाहीत.

असं बरेच दिवस चाललं. धाकटी घरापुढे उभी असायची आणि त्या थोरली काढायच्या. मी काही विचारलं नाही. कुणी आपल्याला गाडीत घेतं, त्याला सीट पुढे घ्या असं कसं म्हणायचं? मी हाताशी असलेली दांडी धरून बसायची. मग डिसेंबरात एकदा उताराच्या शेवटी वळणावर त्यांनी ब्रेक दाबला आणि तो पुरता दाबला गेला नाही. उशी सरकली होती. थोरली वळली नाही. ती सरळ, अगदी सावकाश, रस्ता सोडून गवताच्या बांधावर जाऊन टेकली. लागलं कुणालाच नाही. नंबरची पाटी वाकली एवढंच.

"काही नाही झालं," प्रभाताई म्हणाल्या. थोड्या वेळानं परत म्हणाल्या, "काही नाही झालं न?" त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता.

त्याच सुमाराला डॉक्टरांच्या नावावरचा विमा संपत आला. दोन गाड्यांचा विमा, रोड टॅक्स, दरवर्षीची तपासणी हे आता एका पगारात बसणार नव्हतं. डॉक्टरांचं बँकेतलं खातं कागदपत्रं होईपर्यंत बंद होतं. एक गाडी रस्त्यावर ठेवायची, एक काढायची, आणि ते महिनाअखेरीच्या आत ठरवायचं होतं. रविवारी त्यांनी मला जेवायला बोलावलं आणि टेबलावर फोन उभा करून निखिलला लावला.

"काकू, यात विचार करण्यासारखं काय आहे?" निखिल म्हणाला. "फोर-व्हील-ड्राइव्ह ठेव आणि छोटी विकून टाक. स्नोमध्ये तुला सेफ काय आहे?"

"तुझ्याकडे स्नो पडतो का रे?"

"मी वाचलंय ना सगळं."

"वाच, वाच. गॅरेजवाला म्हणतो थोरलीला चार चाकांचा जोर आहे तो चढताना. उतरताना ती फक्त जड आहे. टायर चांगले पाहिजेत म्हणतो. धाकटीला हिवाळ्याचे टायर घातले तर ती बकरीसारखी जाईल म्हणे."

"मग घाल टायर आणि मोठी विक. काहीतरी एक ठरव, काकू. नाहीतर रिटायर हो आणि इकडे ये. किती वेळा सांगितलं."

"तुझ्या घरात येऊन मी काय करू? तुमच्या कुंड्यांना पाणी घालू?"

तो हसला, पण प्रभाताई हसल्या नाहीत. फोन ठेवल्यावर म्हणाल्या, "नोकरी सोडली तर सकाळी उठायचं कशाला, हे कोणी सांगून नाही राहिलं मला." गाडी नसेल तर आमच्या गावातून पहाटेची ड्यूटी गाठता येत नाही. आणि थोरली अशीच चालवत राहिल्या तर एक दिवस बांधाच्या जागी समोरून ट्रक असेल, हे मलाही दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी विमा कंपनीला फोन केला. मी शेजारी बसावं म्हणून मला थांबवून घेतलं. पलीकडे एक तरुण मुलगी होती, आवाज गोड. तिनं पॉलिसी कुणाच्या नावावर आहे ते विचारलं. प्रभाताई म्हणाल्या, माय हजबंड. तिनं पुन्हा विचारलं, त्यांचं नाव काय? प्रभाताईंनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलं. चाळीस वर्षं इथे काढलेली, वॉर्डात डॉक्टरांनाही दटावणारी बाई, पण नवऱ्याचं नाव त्यांनी कधी तोंडानं घेतलंच नव्हतं. फोनवर हात ठेवून मला म्हणाल्या, "तू सांग न." मी नाही म्हणून मान हलवली. पलीकडून मुलगी हॅलो, हॅलो करत होती.

मग प्रभाताईंनी पदर नसलेल्या खांद्यावर हात नेला, जसा पदर सारखा करतात तसा, आणि फोनमध्ये स्वच्छ मराठीत म्हणाल्या,

"बाहेर साठला बर्फ, आत उकळतो चहा,
अनंतरावांचं नाव घेते, नीट लिहून घ्या पहा."

मग ती मुलगी इंग्रजीत म्हणाली, "फार सुंदर वाटलं हो ते ऐकायला. आता फक्त नावाचं स्पेलिंग सांगाल का?"

प्रभाताईंनी एकेक अक्षर सांगितलं. फोन ठेवला आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्या आधी थांबल्या. "माणूस गेल्यावर उखाणा घेतात का गं?" असं मला विचारलं. मी चहा गाळला.

पुढच्या रविवारी सकाळी चांगला चार बोटं बर्फ पडला. प्रभाताई माझ्या दाराशी आल्या. "चल. आज परीक्षा घेऊ दोघींची."

चर्चमागे एक उताराचा रस्ता आहे, तिथे घरं नाहीत. त्यांनी आधी धाकटी काढली. वरून हळू खाली यायचं, मध्यावर ब्रेक दाबायचा, किती पुढे जाऊन थांबते ते बघायचं. धाकटी घसरली, कुरकुरली, थोडी वाकडी झाली आणि थांबली. मग आम्ही घरी जाऊन थोरली घेऊन आलो. चढताना ती हत्तीसारखी चढली. वर पोचल्यावर प्रभाताईंनी पाठीमागच्या उशा सारख्या केल्या.

"तू दांडी धरली का?"

"नाही," मी म्हणाले. धरली होती.

"धाकटीत नव्हती धरली. मी बघत होते. तू रस्ता बघून नको राहू, तुझ्या हातावरूनच मला समजते."

आम्ही खाली निघालो. मध्यावर त्यांनी पाय लांब केला. थोरली थांबली नाही. त्यांनी अंग खाली सरकवून पुन्हा दाबला, उशी पाठीमागून निसटली, आणि गाडी अगदी शेवटच्या सपाटीवर जाऊन उभी राहिली. काचेपुढे काटेरी झुडपं होती. वायपर फिरत होते.

मी कधी कुणाला काही सांगत नाही. पण तेव्हा तोंडातून निघालं, "ताई, सीट पुढे घ्या."

त्या समोर बघत राहिल्या. "तरफ खाली आहे," म्हणाल्या. "हात घातला की मिळते. पहिल्याच दिवशी घातला होता हात." त्यांनी वायपर बंद केले, काच पांढरी व्हायला लागली. "नाही घेणार, इंदू. ते इथपर्यंत बसत होते. मी पुढे घेतली तर मला परत ती जागा नाही सापडणार."

मला वाटलं, आता थोरलीच राहणार आणि आपलं काही खरं नाही. पण त्यांनी इंजिन बंद करून किल्ली काढली आणि माझ्या हातात दिली. "म्हणून हिला चालवायचं नाही आता. धाकटी ठेवू. ही उभी राहील." थोरली तिथेच ठेवून आम्ही बर्फातून चालत घरी आलो. बर्फ वितळल्यावर गॅरेजवाल्यानं ती घरापुढे आणून दिली. त्याला त्यांनी बजावलं होतं, उशांवर बस, सीटला हात लावू नको. तो गुडघे पोटाशी घेऊन चालवत आला, पण त्यानं ऐकलं.

थोरली रस्त्यावर नाही असं सरकारला कळवलं, म्हणजे तिचा टॅक्स आणि विमा सुटला. पण धाकटीला टायर हवे होते आणि खातं अजून बंद. निखिलकडे मागणं त्यांना नको होतं. पैसे दिले की तो तिकडे येण्याचं बोलणार. एका सकाळी, उतारावरच, नियम मोडून त्या म्हणाल्या, "इंदू, तुझ्याजवळ काही बाजूला ठेवलेले असतील का?"

माझ्याकडे आजवर कुणी पैसे मागितले नव्हते. आमच्या ह्यांना न सांगता मी थोडे ठेवले होते, कशासाठी ते मलाही ठाऊक नव्हतं. संध्याकाळी नेऊन दिले. त्यांनी मोजले, कपाळाला लावले आणि देवापुढे ठेवून मग पर्समध्ये घातले.

नवे टायर घातल्यावर धाकटी खरंच बकरीसारखी जायला लागली.

पैसे त्या पगाराच्या पगाराला थोडे थोडे फेडायच्या. देऊन लगेच जायच्या नाहीत. बसायच्या, चहा घ्यायच्या, माझ्या फोडणीला नावं ठेवायच्या. "तुमच्या साताऱ्याकडच्या बायका मिरची घालतात की वैर काढतात?" मी आदल्या दिवशीच काहीतरी करून ठेवायची. महिन्यात तो एक दिवस माझ्या घरात दोन कप लागायचे. मधूनच त्या म्हणायच्या की खातं मोकळं झालंय, एकदम देऊन टाकते. मी म्हणायची, सावकाश द्या. त्या माझ्याकडे बघायच्या आणि सावकाश द्यायच्या.

निखिल फोनवर विचारायचा, मोठी विकली का? "विकते, विकते," म्हणायच्या. एकदा संध्याकाळी मी त्यांना डबा द्यायला गेले. घरात दिवा नव्हता. थोरलीवर बर्फ साठला होता, पण डावीकडच्या दाराजवळचा बर्फ मोडलेला होता. जवळ गेले तर प्रभाताई आत बसल्या होत्या. डॉक्टरांच्या जागी नाही, डाव्या बाजूला, जिथे त्या डॉक्टर चालवताना बसायच्या तिथे. मांडीवर थर्मास. इंजिन बंद. काच पूर्ण पांढरी, बाहेरचं काही दिसत नसणार. मी डबा पायरीवर ठेवला आणि आवाज न करता परत आले.

डॉक्टर गेल्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी वॉर्डात त्यांच्या हाताला कंप यायला लागला. सुई धरणाऱ्या माणसाला ते चालत नाही. त्यांनी ते कुणी दाखवून द्यायच्या आधी स्वतःच वरच्या बाईला सांगितलं. निरोपाचा केक कापला. बेसिंगस्टोकला निखिलच्या घराजवळ एक लहान फ्लॅट बघितला. मला मोठ्या रस्त्यावर आल्यावर सांगितलं, "जाते आता. कुंड्यांना पाणी घालायला."

थोरली मेंढ्या पाळणाऱ्या एका माणसानं घेतली. बॅटरी मेलेली होती, म्हणून ट्रकवर चढवून नेली. मी तेव्हा कामावर होते. परत आले तर त्यांच्या घरापुढे एक कोरडा चौकोन राहिला होता.

त्याच संध्याकाळी प्रभाताई माझ्याकडे आल्या. बूट दाराबाहेर आपटले. चहा नको म्हणाल्या, सामान बांधायचं होतं. पर्समधून नोटा काढल्या. मेंढ्यांच्या वासाच्या, मळक्या नोटा. त्यांतल्या माझ्या उरलेल्या वेगळ्या करायला लागल्या.

"राहू द्या ना थोडे," मी म्हणाले. "घाई काय आहे? पुढच्या वेळी द्या."

त्यांचा हात थांबला. माझ्याकडे बघत म्हणाल्या, "पुढची वेळ कुठे आहे, इंदू?"

मी टेबलावरचं नसलेलं काहीतरी पुसलं.

"आणि हे थोरलीचे पैसे आहेत," त्या म्हणाल्या. "तिचेच राहू दे. धाकटीला तिनं टायर घेतले असं समजू. मला बरं वाटेल."

मग त्यांनी कंप पावणाऱ्या हातानं एकेक नोट टेबलावर ठेवली, शेवटच्या नोटेची घडी मोडून ती वर ठेवली, माझ्या गालाला हात लावला आणि गेल्या. मी खिडकीतून पाहिलं. त्या धाकटीत बसल्या, आरसा सारखा केला, आणि उताराकडे वळल्या.

नोटा दुसऱ्या सकाळपर्यंत तशाच टेबलावर होत्या. मी मोजल्या नाहीत. पैसे पुरते फिटले होते.